खुर्चीला जिना आठवेना

सासूबाईंना खाली उतरवायचं, एवढंच ठरलं होतं.

त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पहिला मजला, सरळसोट जिना, मध्ये एकही वळण नाही. चार जणांनी धरून उतरवलं की झालं. खटपट्यांनाही आधी असंच वाटलं होतं आणि एका रविवारी चहा पिता पिता त्यांनी तसं सुचवलंही होतं. सासूबाईंनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईची ती नजर होती. चुकलेलं उत्तर फळ्यावर असताना त्या अशाच बघत असणार.

"मी काय कपाट आहे?" त्या म्हणाल्या.

विषय तिथेच संपला.

खटपटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते एका विमा कंपनीत दावे तपासत, म्हणजे लोकांच्या वस्तू कशा मोडल्या ते दिवसभर वाचत. संध्याकाळी घरी येऊन ते स्वतःच्या वस्तू उघडत. पंखा झाला, इस्त्री झाली, शेजाऱ्यांची दारावरची घंटासुद्धा झाली. इमारतीने त्यांना हे नाव दिलं ते काही कौतुकाने नव्हे, पण खटपट्यांनी ते कौतुकानेच घेतलं होतं.

सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्याचं त्यांना स्वतःला फारसं काही वाटत नसावं, निदान त्या दाखवत तरी नसत. पण समोरच्या घरात, तळमजल्यावर, त्यांची मैत्रीण राहायची. दोघी एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, एकाच खिडकीखाली बसून म्हाताऱ्या झालेल्या. आता मैत्रिणीचेही गुडघे गेले होते आणि जोडीला कानही. फोनवर तिला काही ऐकू येत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ह्या गॅलरीत आणि ती अंगणात उभी राहून दोघी हातवारे करत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोन पोलीस एकाच चौकात वाहतूक सांभाळतायत.

आणि आता मैत्रिणीचा मुलगा तिला महिनाअखेरीस आपल्या गावी कायमची घेऊन जाणार होता.

"निदान एकदा तरी नीट बसून बोलल्या असत्या दोघी," खटपट्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती खरं तर स्वतःशीच बोलत होती. पण खटपट्यांच्या कानात एकदा असं वाक्य पडलं की ते तिथून निघत नसे.

त्याच आठवड्यात त्यांना ती खुर्ची सापडली. एक खाजगी दवाखाना बंद पडला होता आणि त्याचं सामान विकायला काढलं होतं. जिन्याच्या कडेने बसवलेल्या रुळावरून वरखाली जाणारी खुर्ची, मोटरसकट. मोटर ठणठणीत होती. वीज गेली की आपोआप आवळणारा ब्रेकही होता. फक्त तिचं डोकं, म्हणजे तिला चालवणारा कंट्रोलर, जळून गेला होता. वेल्डरने रूळ बसवून दिला, खटपट्यांनी बाजारातून साधा नवा कंट्रोलर आणला, आणि पहिल्याच चाचणीत खुर्ची खाली पोचून अशी आदळून थांबली की तिच्यावर ठेवलेलं विटांचं पोतं उडालं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कुंडीत जाऊन बसलं.

कुंडीत गुलाब होता. होता, एवढंच म्हणायचं.

"खुर्चीला आपण कुठे आहोत हे कळायला हवं," दुसऱ्या मजल्यावरचे प्रोफेसर जिन्यात उभे राहून म्हणाले. हे प्रोफेसर भाषा शिकवत, पण सल्ला कुठल्याही विषयावर देत, आणि दुःखाची गोष्ट अशी की कधीकधी तो बरोबर असे. "टोक जवळ आलं की तिने आधीच सावकाश व्हायला नको का? गुडघे गेलेलं माणूस बसणार आहे. एन्कोडर बसवा!"

"एन्कोडर म्हणजे?"

"ते मला माहीत नाही. पण भाच्याच्या कारखान्यात सगळ्याला तेच बसवतात."

खटपटे एन्कोडर आणायला गेले. दुकानदार असा दमलेला माणूस होता की त्याच्यापुढे खटपट्यांना आपण ताजेतवाने आहोत असं वाटू लागलं. त्याने एक डबी उघडून दाखवली. आत काचेची पातळ चकती, तिच्यावर केसाहून बारीक रेघा. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. मोटरबरोबर चकती फिरते, रेघांमुळे उजेड मिणमिणतो, आणि डोळा ती मिणमिण मोजायला पाठवतो.

"किती रेघांचा देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"सगळ्यात जास्त रेघांचा."

"मोटर किती जोरात फिरते?"

"बऱ्यापैकी."

"कंट्रोलर एवढ्या जोरात मोजू शकेल का?"

"न मोजायला काय झालं?"

"धूळ आहे का जागेवर? बंद डबीचा घ्या. वायर लांब जाणार असेल तर—"

"हे बघा," खटपटे म्हणाले, "मी दावे तपासतो. मला वस्तू कळतात."

दुकानदाराने डबी कागदात गुंडाळली. त्याला घरी जायचं असावं.

झालं असं, की त्या चकतीवर रेघा होत्या अतोनात, आणि कंट्रोलर होता साधा. खुर्ची हळू चालली की तो नीट मोजायचा. वेग घेतला की त्याची तारांबळ उडायची आणि मधली मिणमिण निसटून जायची. खुर्ची खाली पोचली तरी त्याच्या हिशेबाने ती अजून जिन्याच्या मध्यावर असायची. पोतं पुन्हा उडालं. या वेळी कुंडी रिकामीच होती, हे एक बरं.

खटपटे पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने कमी रेघांची डबी पुढे केली आणि खटपट्यांनी ती मान खाली घालून घेतली. बंद डबीची मात्र घेतली नाही. एकाच दिवसात माणसाने सगळ्याच बाबतीत हार मानावी असं थोडंच आहे?

आता या गोष्टीत सरकार येतं.

सेक्रेटरींचा राग गुलाबाचा होता, पण सेक्रेटरी हे नियमाने चालणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांनी तो नियमातून काढला. "जिना सामाईक आहे," ते म्हणाले. "परवानगी आणा. माझी हरकत नाही, पण परवानगी आणा." हे 'माझी हरकत नाही' ते इतक्या थंडपणे म्हणत, की त्यापेक्षा हरकत परवडली असती.

खटपटे रजा टाकून लिफ्टच्या खात्यात गेले. तिथल्या साहेबांनी खुर्चीचा फोटो उलटसुलट करून पाहिला.

"हिला दार कुठे आहे?"

"खुर्चीला दार नसतं, साहेब."

"छत?"

"नाही."

"दार नाही, छत नाही, मग ही लिफ्ट नव्हे. लिफ्ट नसलेल्या वस्तूला आम्ही लिफ्टची परवानगी कशी देणार? हे फर्निचर आहे."

"मग फर्निचरला परवानगी लागत नाही ना?"

"घरात नाही लागत. जिन्यात फर्निचर ठेवायला अग्निशमनची लागते."

अग्निशमनच्या साहेबांनी फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. मोटर असलेली वस्तू म्हणजे यंत्र, आणि यंत्र लिफ्टवाल्यांचं, एवढं बोलून ते जेवायला गेले. खटपटे दोन्ही इमारतींच्या मधल्या बाकावर बसून राहिले. दिवसभर लोकांचे दावे फेटाळणाऱ्या माणसाला आपण कुणाच्याच खात्यात बसत नाही हे कळणं म्हणजे काय, ते तिथे बसल्याखेरीज कळायचं नाही. त्यांनी मनातल्या मनात एका बाईंची माफी मागितली, ज्यांचा धुलाईयंत्राचा दावा त्यांनी 'हे भांड्यांत मोडत नाही' म्हणून नाकारला होता.

शेवटी लिफ्टच्या खात्यातल्याच एका कारकुनाला दया आली. "असं करा," तो म्हणाला, "जिन्याच्या दुरुस्तीचं काम चालू आहे असं लिहून द्या. दुरुस्तीच्या काळात जिन्यात तात्पुरती यंत्रसामग्री ठेवायला कुणाचीच हरकत नसते."

"आणि दुरुस्ती संपली की?"

"संपवू नका," कारकून म्हणाला.

खुर्ची कायदेशीर झाली. अट एकच, ती कधीही पूर्ण होता कामा नये. खटपट्यांनी ही अट पाळली, आणि त्यासाठी त्यांना वेगळे कष्ट पडले असंही नाही.

चकतीची दांडी मोटरच्या दांडीला जोडायला त्यांनी रबरी नळी वापरली. ती नळी घसरायची, अगदी किंचित. पण प्रत्येक फेरीला किंचित म्हटलं की काही दिवसांत खुर्ची खालून दुसऱ्या पायरीवर अदबीने थांबून 'उतरा' म्हणू लागली. ते जोडणं बदललं. मग खुर्ची नुसती उभी असतानाही तिचे आकडे उड्या मारू लागले, कारण खटपट्यांनी मोटरची जाड वायर आणि एन्कोडरची बारीक वायर एकाच पाईपातून नेली होती आणि जाड वायरीची खळबळ बारकीला मिणमिण वाटत होती. वायरी वेगळ्या केल्या. मग सेक्रेटरींनी अचानक जिन्याच्या भिंती खरवडून घ्यायला माणसं बोलावली.

"दुरुस्ती चालूच आहे ना," ते म्हणाले. "म्हटलं, हातासरशी रंगही करून घ्यावा."

चुन्याची धूळ आठवडाभर उडत होती. उघड्या डबीतून ती चकतीवर बसली, रेघा पांढऱ्या झाल्या, डोळ्याला काही दिसेना. खटपटे रोज ऑफिसातून आले की जिन्यात मांडी घालून मऊ फडक्याने काच पुसत बसत. येणारे जाणारे त्यांच्या डोक्यावरून पाय टाकून जात. कुणी विचारी, "झाली का?" कुणी विचारी, "अजून नाही झाली?" प्रश्न एकच, पण दुसरा जास्त लागतो.

"हे नक्की काय मोजतं हो?" एकदा सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"खुर्ची किती सरकली ते, आई."

"कुठे आहे ते नाही सांगत?"

"नाही. कुठून निघाली ते एकदा सांगायचं, पुढचं मोजून हिशेब ठेवायचा. वीज गेली की मात्र सगळं विसरतं."

"मग परत सांगायचं?"

"परत सावकाश अगदी तळापर्यंत जायचं. तिथलं बटण दाबलं गेलं की त्याला कळतं, हे शून्य. मग गाडी रुळावर."

सासूबाई थोडा वेळ त्या चकतीकडे बघत राहिल्या. "सातवीत असा एक मुलगा होता माझ्या वर्गात," त्या म्हणाल्या. "बेरीज उत्तम. पण मध्येच कुणी हाक मारली की पहिल्यापासून." आणि आत निघून गेल्या. खटपट्यांना उगाचच वाटलं, की हे आपल्याविषयी होतं.

महिनाअखेर आली. मैत्रीण सकाळी अकराला निघणार होती. आदल्या दिवशी खटपट्यांनी पोतं घेऊन खुर्ची इतक्या वेळा वरखाली नेली की विटांनाही कंटाळा आला असेल. ती प्रत्येक वेळी मऊ थांबली. हाताने फिरवून खुर्ची उतरवायचं हँडल तेवढं बसवायचं राहिलं होतं. पण खुर्ची इतकी शहाण्यासारखी वागत असताना तिला हँडल दाखवणं खटपट्यांना अविश्वासाचं वाटलं.

सकाळी सासूबाई बाहेर आल्या. इस्त्रीची साडी नेसून, केस नीट बांधून, हातात पर्स. खाली उतरून समोरच्या घरी जायचं, एवढाच प्रवास. पण त्या अशा तयार झाल्या होत्या, जशा पहिल्या दिवशी शाळेत जात असतील. बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. प्रोफेसर वरून वाकून बघत होते. सेक्रेटरी खाली उभे होते, आपली हरकत नसल्यासारखा चेहरा करून.

खटपट्यांनी बटण दाबलं. खुर्ची निघाली, मऊ, निःशब्द. सासूबाईंनी हात मांडीवर जुळवले. आणि खुर्ची बरोबर मध्यावर असताना वीज गेली.

ब्रेक आवळला. जिन्यात अंधारलं. मग प्रोफेसर म्हणाले, "हँडल फिरवा ना."

खटपटे ब्रेककडे निरखून बघू लागले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या नजरेत सगळी वाक्यं येऊन जातात, बोलायची गरज उरत नाही.

"उचलून घेऊ," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही तिघं—"

"कुणी हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तिघंही जागच्या जागी थांबले. प्रोफेसरांनी तर खिशातले हातही बाहेर काढले.

खटपटे बाहेर धावले. विजेच्या ऑफिसात फोन लावला. दुरुस्ती चालू आहे, तिकडून उत्तर आलं, कधी येईल सांगता येत नाही. हेच उत्तर खटपट्यांनी स्वतः लिफ्टच्या खात्याला लिहून दिलं होतं. समोरच्या दारात टॅक्सी उभी होती. डिकी भरली जात होती. मैत्रीण अंगणात काठी टेकून वर गॅलरीकडे बघत होती, आणि गॅलरी रिकामी होती.

खटपटे रस्ता ओलांडून तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. तिला ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी हातांनी सांगायचा प्रयत्न केला. खुर्ची दाखवली, जिना दाखवला, मध्येच अडकल्याचं दाखवलं. तसं पाहिलं तर ते केवळ हात हलवत होते, पण त्या म्हातारीला हातवाऱ्यांची सवय होती.

"जिन्यात?" ती मोठ्याने म्हणाली. "मध्येच?"

खटपट्यांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. ते नंतर म्हणाले की चुना होता.

"आई, गाडी चुकेल," तिचा मुलगा म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. किंवा आलं असेलही.

ती निघाली. काठी, मग पाय, मग दुसरा पाय. रस्ता ओलांडायलाच तिला खूप वेळ लागला. जिन्याशी आल्यावर तिने वर पाहिलं. मध्यावर, अंधारात, इस्त्रीच्या साडीत सासूबाई बसल्या होत्या, पट्टा बांधून, पर्स मांडीवर.

"अगं, तू तिथे काय करतेयस?"

"तुझ्याकडे येत होते!" सासूबाई ओरडल्या.

मैत्रीण एकेक पायरी चढू लागली. खटपटे तिच्या मागे, आधाराला हात पुढे धरून. प्रत्येक पायरीला ती थांबायची, दम घ्यायची, आणि कुणाकडेही न बघता पुढची चढायची. सासूबाईंनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. शेवटी ती पोचली. खुर्चीशेजारच्या पायरीवर धपकन बसली. जिना पुरता बंद झाला.

मग दोघी बोलू लागल्या. मैत्रिणीला ऐकू येत नसल्यामुळे सासूबाईंना ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळ्या इमारतीला ऐकू जात होतं. स्टाफरूममधल्या कुठल्या बाईने कुणाचा डबा पळवला होता, कोण हेडमास्तरांना घाबरायचं आणि का, कुणाचं लग्न का मोडलं. प्रोफेसर वरून उतरू शकत नव्हते, सेक्रेटरी खालून चढू शकत नव्हते, आणि दोघांनाही तिथून हलायचं नव्हतं, कारण डब्याची गोष्ट अजून संपली नव्हती. मैत्रिणीचा मुलगा दोनदा घड्याळ दाखवून गेला. तिसऱ्यांदा आला तो पायरीवर टेकला. हेडमास्तर म्हणजे त्याचे वडील होते.

वीज आली.

खुर्चीच्या कंट्रोलरवरचा दिवा मिणमिणला. आता खुर्ची सगळं विसरलेली होती. आपण कुठे आहोत ते तिला ठाऊक नव्हतं. आता ती शून्य शोधत तळापर्यंत सरपटत जाणार, आणि तिचा तो वेग इतका लाजिरवाणा होता की चाचणीच्या वेळी खटपटे तिकडे पाठ करून उभे राहत.

खुर्ची हलली. पायरीपायरीने नव्हे, कणाकणाने. मैत्रीण काठी टेकत उठली. तिने सासूबाईंचा हात धरला, आणि खुर्चीच्या बाजूने एक पायरी उतरली. खुर्ची अजून तिथेच होती. ती थांबली. खुर्ची तिच्या बरोबरीला आली. मग तिने पुढची पायरी घेतली. वाईट गुडघ्यांच्या बाईला जिना उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्या खुर्चीला लागत होता. दोघी हातात हात घालून खाली आल्या. तळाशी बटण दाबलं गेल्याचा बारीकसा आवाज झाला. तो खटपट्यांखेरीज कुणाला ऐकू आला नसेल.

टॅक्सी गेली. वळणावर जाईपर्यंत मैत्रिणीचा हात खिडकीतून हलत होता आणि सासूबाई फाटकाशी उभ्या राहून उत्तर देत होत्या. हातवारे चालू होते. काय म्हणत होत्या ते त्यांनाच माहीत.

गल्ली रिकामी झाली. खटपटे बाजूला उभे होते. पाठ धरली होती, आणि आता आत जाऊन आडवं व्हावं याखेरीज त्यांना काही सुचत नव्हतं.

"चला आई, वर नेतो," ते म्हणाले.

सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघितलं. कोपऱ्यावरचं दुकान, त्याच्या पुढे झाड, झाडाखाली एक बाक.

"तो बाक नवीन दिसतोय," त्या म्हणाल्या.

"बरेच दिवस झाले, आई."

"मला कुणी सांगितलं नाही." त्यांनी खटपट्यांच्या दंडाला धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "चला. सावकाश. आणि उद्या चार वाजता ती खुर्ची तयार ठेवा."

खटपटे "हो" म्हणाले. ती काच आज रात्रीच पुसायला हवी, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ते मनातून काढून टाकलं आणि बाकाच्या दिशेने, सासूबाईंच्या पावलाला पाऊल मिळवत, चालू लागले.